अठराव्या व्हेरिएशनबद्दल, सुध्याला

प्रिय सुध्या,

कीबोर्ड घरात आला आणि तू थेट रखमानिनॉफ या रशियन संगीतकाराच्या पियानो-ऑर्केस्ट्रासाठीच्या ‘रॅप्सडी ऑन अ थीम ऑफ पॅगानिनी’तल्या अठराव्या व्हेरिएशनवर (एकाच चालीच्या अठराव्या रूपावर) उडी मारलीस! हसलो आधी. पण तुझ्यासारख्या पेटीवाल्याला हे जितकं पटकन कळेल तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

व्हायोलिनवादक पॅगानिनीची मूळ थीम, म्हणजे चाल, पांढरी सहामध्ये (सहावी पांढरी पट्टी सा मानून) धर: सा, कोमल ग, रे, सा, वरचा प. आता तीच आरशात बघ. जिथे सूर चढतो तिथे तेवढाच उतरव. काळी एकमध्ये मिळतं प, ग, म, प आणि खालचा सा. सगळे शुद्ध! व्हायोलिनची ती टोकदार, मायनरमधली (कोमल गंधाराची) थीम नुसती उलटी केली आणि तिचं हे गाणं झालं. वाजवून बघ, पत्र नंतर वाच.

ही रॅप्सडी रखमानिनॉफने १९३४ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये, ल्युसर्न सरोवराकाठच्या आपल्या घरी लिहिली. एकूण चोवीस व्हेरिएशन्स. लोक अठरावं तेवढं उचलतात आणि पाकात बुडवतात, ते मला अजिबात आवडत नाही. सतरावं आधी ऐक. पियानो अंधारात चाचपडत असतो, आणि मग हे उघडतं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने स्वतः, कंडक्टर स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं रेकॉर्डिंगही ऐक. कुठे रेंगाळत नाही गडी.

आता हाताचं. सुरुवातीला पियानो एकटाच आहे, तेवढंच घे. पुढे व्हायोलिनं चाल उचलतात. तो सगळा ऑर्केस्ट्रा दहा बोटांत कोंबायच्या फंदात पडू नकोस. आधी फक्त डावा हात. तीन-तीन सुरांचे गट लांब पसरलेले आहेत आणि त्या माणसाचे पंजे अवाढव्य होते. आपण ताणायचं नाही, मनगट सूर जातील तिकडे न्यायचं. खालचा सूर पेडलने धरायचा आणि कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलला की पेडलही बदलायचं, नाहीतर नुसता गिचका होतो. भाता नसल्यामुळे तुला सूर मध्येच फुगवता येणार नाही, हे सुरुवातीला छळेल. दाबलेला सूर विरतच जातो, म्हणून पुढचा सूर त्या विरलेल्या आवाजाला जुळवून घ्यायचा.

काळ्या पट्ट्या पाचही लागतात, पण तुझं निम्मं आयुष्य काळी एकमध्येच गेलंय. नोटेशन स्कॅन करून पाठवतो, बोटांचे आकडे पेन्सिलने टाकलेत. रविवारी फोन कर आणि डावा हात ऐकव. उजवा नको!

तुझा,
अव्या