विषय : मराठी एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) न वाचताच उत्तरं देणारा तुमचा एआय ट्रेनिंग सहाय्यक आणि उरलेल्या वर्गणीचा परतावा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल सपोर्टला सहावा फोन झाला. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

डाय (प्रेसचा साचा) बदलताना लॉकआउट, म्हणजे यंत्राची वीज-हवा तोडून कुलूप लावणं, कसा करायचा, हे अंबडच्या आमच्या प्रेस शॉपमधल्या नव्या ऑपरेटरने तुमच्या सहाय्यकाला विचारलं. आमची एसओपी म्हणते : विजेचा मेन बंद, कुलूप आणि टॅग, फ्लायव्हील (जड फिरतं चाक) पूर्ण थांबू द्या, रॅमखाली (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) सेफ्टी ब्लॉक, मग हवा सोडून गेज शून्यावर, शेवटी स्टार्टचं बटण दाबून खात्री. ब्लॉक हवेच्या आधी, कारण काउंटरबॅलन्सची, म्हणजे रॅम तोलून धरणारी, हवा गेली की रॅम खाली येऊ शकतो. सहाय्यकाचं उत्तर : ‘इमर्जन्सी स्टॉप दाबा आणि डाय काढा.’ खाली ऐटीत संदर्भ, ‘एसओपी, पान 3’. पान 3 वर स्क्रॅपचे डबे कुठे ठेवायचे ते लिहिलंय. इमर्जन्सी स्टॉपने मेन तुटत नाही, फ्लायव्हील फिरत राहतं, हे तुमच्या सहाय्यकाला कोण सांगणार?

कारण आम्हीच शोधलं. आमच्या जुन्या पीडीएफ श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत, युनिकोडमध्ये (अक्षरांचे आजचे सर्वमान्य संकेत) नाहीत. पडद्यावर मराठी दिसतं, पण मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, नुसती चिन्हं उतरतात. तुमच्या सिस्टमने तीच चिन्हं इंडेक्समध्ये (उत्तरं शोधायच्या सूचीत) भरली, त्यात काही जुळलं नाही, तेव्हा मॉडेलने मनानेच उत्तर रचलं. आणि अपलोडसमोर हिरवी टिक!

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं, तर म्हणाला, ‘सर, टिक हिरवी आहे ना?’ म्हटलं, आहे. ‘मग फाइल ओके आहे.’ नोटपॅडचा स्क्रीनशॉट पाठवला. सतरा मिनिटं होल्डवर ठेवून म्हणाला, ‘हा तुमच्या फॉन्टचा इश्यू आहे. ऑपरेटरला प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगा.’ वा! आत भरलेला कचरा प्रश्नाची भाषा बदलून साफ होतो, हा शोध तुम्ही पेटंट करून घ्या. विक्रीच्या वेळी ‘मराठी शंभर टक्के’ म्हणणारे साहेब आता फोन उचलत नाहीत.

दुसरं. तुमचा स्कॉर्म 1.2 (ऑनलाइन कोर्सची प्रगती नोंदवायचं मानक) वापरणारा कोर्स खिडकी बंद केली तरी ‘कम्प्लीटेड’ पाठवतो. 1.2 मध्ये कोर्स पूर्ण आणि परीक्षा पास यांना एकच रकाना असतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं. परिणामी न शिकलेली माणसं आमच्या स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला काय येतं त्याचा तक्ता) शिकलेली दिसतात. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटरसमोर पण तुमची हिरवी टिक दाखवायची का?

आता करायचं ते असं. सगळ्या फाइली युनिकोडमध्ये बदला. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतो, म्हणून प्रूफ मराठी माणसाकडून वाचून घ्या. जुन्या रिव्हिजनचे तुकडे इंडेक्समधून काढून नव्याने भरा. उतारा सापडला नाही तर सहाय्यकाने ‘सापडलं नाही, सुपरवायझरला विचारा’ एवढंच म्हणावं. आमचे 30 प्रश्न सोबत जोडलेत, ऑपरेटर बोलतात त्याच मराठीत. तीसच्या तीस उत्तरं बरोबर पानासकट आली, तरच सहाय्यक लाइनवर परत येईल. तोवर आम्ही तो बंद ठेवलाय.

पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. नाहीतर ग्राहक म्हणून तुमच्या यादीत आमचं नाव असेल, आणि सातपूर-अंबडमध्ये कुणी विचारलं तर आम्ही खरं तेच सांगू.

प्रशिक्षण विभाग,
अंबड, नाशिक