लेनर्ड बाकावर असताना जिंकलेले सतरा सामने

महोदय,

खेळाडूंच्या ‘वर्कलोड’वर (म्हणजे त्यांच्यावर पडणाऱ्या सामन्यांच्या ताणावर) आपल्या अंकात आलेली वाचकांची पत्रे वाचली. एवढे मानधन घेता, तर सगळे सामने खेळा, असा बहुतेकांचा सूर दिसला. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळला याचा राग येणे साहजिक आहे. पण या निमित्ताने एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल स्पर्धेतल्या कॅनडाच्या टोरंटो रॅप्टर्स संघाचा २०१८-१९चा हंगाम आठवला.

जुलै २०१८मध्ये रॅप्टर्सनी शहराचा लाडका डेमार डेरोझन सॅन अँटोनियो संघाला देऊन कवाय लेनर्डला आणले. आदल्या हंगामात मांडीच्या दुखण्यामुळे तो जेमतेम नऊ सामने खेळला होता. टोरंटोत आल्यावरही साखळीतल्या ८२ सामन्यांपैकी तो ६०च खेळला. लागोपाठ दोन रात्री सामने असले की एका रात्री हा बाकावर. महागडे तिकीट काढून आलेल्यांनी काय म्हटले असेल ते सांगायला नको. (वर्षाच्या बहुतेक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट एनबीएने पुढे २०२३-२४पासून घातली, ती अशाच तक्रारींपायी.) बाद फेरीत मात्र हाच गडी २४च्या २४ सामने खेळला, तेही सरासरी तीसहून अधिक गुणांनी. फिलाडेल्फियाविरुद्धच्या सात सामन्यांच्या लढतीतल्या शेवटच्या, सातव्या सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी त्याने कोपऱ्यातून मारलेला चेंडू रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला! पुढे मिलवॉकीविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून सलग चार विजय, आणि अंतिम लढतीच्या सहाव्या सामन्यात १३ जून २०१९ रोजी गोल्डन स्टेटला ११४-११० असे हरवून विजेतेपद. अमेरिकेबाहेरच्या संघाचे ते पहिलेच.

गोल्डन स्टेटचे नशीब फिरले होते, हेही खरे. त्यांचा केव्हिन ड्युरांट पोटरीच्या दुखण्यातून उठून अंतिम लढतीच्या पाचव्या सामन्यात उतरला आणि त्याच सामन्यात टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटून बाहेर गेला. पुढच्या सामन्यात क्ले थॉम्पसनचा गुडघा गेला. विश्रांतीला नावे ठेवणाऱ्यांनी ड्युरांटचे काय झाले तेही पाहावे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा वेगळाच आहे. लेनर्ड नसलेल्या २२ सामन्यांपैकी १७ रॅप्टर्सनी जिंकले. त्यांच्या पास्कल सियाकमला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) २७व्या क्रमांकावर घेतलेले, फ्रेड व्हॅनव्हलीटला तर ड्राफ्टमध्ये कोणीच विचारले नव्हते. निर्णायक सामन्यात सियाकम आणि काइल लाउरीचे प्रत्येकी २६ गुण, व्हॅनव्हलीटचे २२. लेनर्डचेही २२च.

२०२५च्या इंग्लंड दौऱ्यात आपण जिंकलेल्या एजबॅस्टन आणि ओव्हलच्या दोन्ही कसोटींत बुमरा नव्हता. सिराज मात्र पाचही कसोटी खेळला, २३ बळी घेतले. म्हणून बुमरा सुट्टी का घेतो, हे त्याला विचारण्यापेक्षा सिराजच्या जोडीला तिसरा, चौथा गोलंदाज कधी तयार होणार, हे निवड समितीला विचारायला हवे. आणि सिराजला विश्रांती कधी देणार, हेही.

– एक वाचक, नागपूर