शनिवारचे चार तास बंद पडू नयेत म्हणून

सप्रेम नमस्कार,

नैऋत्य अटलांटातल्या त्या चर्चचा तळघरातला हॉल मंडळात कोणाला माहीत नाही? आपल्याला जागा नव्हती तेव्हा नाटकाच्या तालमी, लेझीम, गणपतीचे मोदक, सगळं तिथंच झालं. चर्चच्या मंडळींनी भाड्याचा एक डॉलर घेतला नाही. त्याच हॉलमध्ये गेली तीन वर्षं दर शनिवारी दहा ते दोन तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना सांभाळतात. घरच्यांना तेवढीच उसंत. आता हे काम थांबायच्या बेतात आहे.

आपल्या संस्थापक-अध्यक्षा ताईंनी मुलाच्या लग्नातला सगळा आहेर इथे दिला. हात टेकायच्या खुर्च्या आणि बाथरूममधले आधाराचे दांडे त्यातूनच आले. लॉरेन्सव्हिलच्या काकांनी दोन वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. तिथले एक आजोबा मार्टाचे, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक बससेवेचे, निवृत्त बसचालक. बाराच्या ठोक्याला उठतात, खिसे चाचपतात, गाडी काढायची म्हणतात. बसवायला गेलं की चिडतात. काका त्यांचा हात धरून हॉलला तीन फेऱ्या मारतात, ‘डेपो आला’ म्हणतात, की आजोबा निवांत टेकतात. आता काकांचे गुडघे बोलू लागलेत.

एक लेक आईला आत सोडते आणि घरी न जाता पार्किंगमध्ये गाडीतच झोपते. रात्रभर आई दार उघडून बाहेर निघते, ही जागी. नोकरी अर्ध्या वेळेवर आणली आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ज्येष्ठांमध्ये या आजाराचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. ‘डॉक्टरला दाखवा’ म्हणणंही सोपं नाही. शेजारच्या अलाबामात, टस्कीगीला, १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिसच्या शेकडो कृष्णवर्णीय रुग्णांना औषध न देता नुसतं तपासत ठेवलं. ते घराघरात आठवतं. चर्चमधल्या बायकांनी सांगितलं तर मात्र ऐकतात. घरच्या रोजच्या सांभाळाचा खर्च मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देत नाही. मेडिकेअरच्याच जुलै २०२४ पासूनच्या ‘गाइड’ योजनेत उसंतीसाठी वर्षाला अडीच हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात, पण डॉक्टर त्या योजनेत असेल तरच.

गेल्या वर्षी हेच आवाहन पाठवलं, सात घरांतून उत्तर आलं. त्याच आठवड्यात दिवाळीची तिकिटं दोन दिवसांत संपली. आनंदच झाला, पण वाईटही वाटलं, लपवत नाही. ‘हे आपलं काम आहे का’ असं विचारणाऱ्यांना सांगते: आपल्याही दोन घरांतले आईबाबा तिथे जातात, आणि त्यांना तिथे परकं कोणी म्हटलेलं नाही.

वर्षाचा खर्च (नर्स, व्हॅन, जेवण, विमा) १४,००० डॉलर, जमा ५,२००. १५ सप्टेंबरच्या आत चेक मंडळाच्या नावे, मेमोत ‘शनिवार’. झेलने (Zelle, बँकेतून थेट) पाठवायचे तर नेहमीच्या खात्यावर. करसवलतीची पावती मिळेल. कंपनी देणगीइतकीच भर घालत असेल (मॅचिंग) तर फॉर्म माझ्याकडे. स्वयंसेवक: महिन्यातून एक शनिवार, वय १८ पूर्ण, बॅकग्राउंड चेक आणि दोन तासांचं प्रशिक्षण आवश्यक. डबा आणाल तर मऊ, बिनतिखट, दाणे नकोत. मागच्या दाराने यावे.

आपली,
सचिव