अनुदानाआधी बीचं बोलूया

कुडाळ,
19 जानेवारी 2025

प्रिय दिनेश,

तुझं पत्र आणि सोबतचं मशिनरीचं कोटेशन मिळालं. व्हीआरएस घेऊन गावी यायचं, अण्णांच्या मागल्या खळ्यात शेड घालायची आणि काजूचा कारखाना काढायचा, हे वाचून बरं वाटलं. पण अख्ख्या पत्रात अनुदान चारदा आलंय आणि काजू बी एकदाही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. रागावू नकोस.

अनुदानाचं आधी उरकतो. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत खर्चाच्या 35 टक्के मिळतात, कमाल 10 लाख. तुझं कोटेशन 15 लाखांचं, म्हणजे सव्वापाच लाख. किमान 10 टक्के पदरचे घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळं पडून राहतं आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हाच काय तो फायदा.

आता बी. आपल्याकडे ती फेब्रुवारीअखेर पडायला लागते आणि मे संपता संपता आटोपते. कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो. तुझी मशीन दिवसाला 100 किलो बी फोडणार. 250 दिवस धरले तर 25 टन. गेल्या हंगामात भाव किलोला 120 च्या आसपास होता, त्या हिशेबाने 30 लाख रुपये. ते तीन महिन्यांत, रोख, कारण बागायतदार उधारीवर बी देत नाही आणि त्याने का द्यावी? सव्वापाच लाखांसाठी तू झोप उडवून घेतलीस, या 30 लाखांचा कागदावर पत्ता नाही. मी बंद पडलेली युनिट पाहिली आहेत. मशीन खराब झाल्यामुळे बंद पडलेलं त्यात फारसं सापडत नाही. सप्टेंबरात बी संपते, मग व्यापाऱ्याकडून आफ्रिकेची बी त्याच्या भावाने उचलायची, दिवाळीचा गर स्वस्तात काढून त्याचे पैसे भागवायचे, आणि पुढच्या मार्चला बँकेचा माणूस दारात.

शिवाय बी नुसती घेऊन चालत नाही. 8-9 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून पावसाच्या आत कोरड्या गोदामात गेली पाहिजे, नाहीतर जुलैत बुरशी. सुकताना वजन घटतं, ती घट तुझी. घेण्याआधी किलोभर बी फोडून बघ. चार किलो बीला किलोभर गर हा ढोबळ हिशेब. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जातींची चांगली बी याहून बरी उतरते. सोलताना गर अख्खा राहिला तर 240, 320 असा नंबर लागतो (एका पौंडात इतके दाणे, म्हणून नंबर लहान तेवढा दाणा मोठा). तुटला की पाकळी, आणखी तुटला की तुकडा, आणि प्रत्येक पायरीला भाव उतरतो. म्हणजे नफा ठरतो तो सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर. त्यांची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, अनुदान कधी जमा होईल ते त्यांना सांगून उपयोग नाही.

भावाचं राजकारण तुला तिकडे बसून कळणार नाही. गोव्यात सरकारने 2023 ला आधारभाव किलोला 150 केला, आणि गोव्याला लागून असलेल्या दोडामार्गचा बागायतदार तो आकडा रोज ऐकतो. आपल्याकडे 200 ची मागणी झाली. 2024 ला सरकारने किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केलं, त्यावर लोक काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. भाव वाढला तर तू मरणार, पडला तर तुझा शेजारी. माझ्या घरची बाग आहे म्हणून दोन्ही बाजूंच्या शिव्या मला सारख्याच समजतात.

माझं पोट कशावर चालतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे माझा सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी या योजनेचा जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे अर्जदाराचं कर्जप्रकरण तयार करून देणारा. एका प्रकरणाचे 20 हजार. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, उरलेले जीएसटी आणि उद्यम नोंदणी, एफएसएसएआयचं अन्नसुरक्षेचं काम आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. ज्याला 'यंदा थांब' म्हणेन त्याचे शून्य. योजना आखणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं नाही, पण मंजुरी मोजता येते आणि थांबवलेला माणूस मोजता येत नाही. मग एकेकाचे प्रकल्प अहवाल दुसऱ्याचे उतरवून असे येतात की सावंतवाडीच्या काजूत मध्येच सोयाबीन उगवतं. नाव बदललं, आतलं तसंच!

तर तुला सांगतो, यंदा मशीन घेऊ नकोस. वाडीतल्या पाच-सहा बागायतदारांशी आधी बोल. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. शेतकऱ्याने बी गोदामात ठेवली की ठरलेल्या मर्यादेत किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल मिळते, 6 टक्क्यांनी, सहा महिन्यांसाठी. व्यापाऱ्याच्या मालाला ती नाही, पण बागायतदारांच्या मालाला आहे. त्यांनी मेमध्ये ठेवायची, तू नोव्हेंबरपर्यंत लागेल तशी त्यांच्याकडून घ्यायची. भाव कसा ठरवायचा ते मात्र मेच्या आधी, सगळ्यांसमोर, लिहून. त्यांना पडत्या भावात विकावं लागत नाही आणि तुझा 30 लाखांचा डोंगर निम्म्यावर येतो. उरलेल्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे माल घ्यायला लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज, पण ते मशीनच्या मुदत कर्जासोबतच मागायचं. नंतर मागितलंस तर 'आधी एक वर्ष चालवून दाखवा' हे ऐकावं लागेल.

पहिला हंगाम दुसऱ्याच्या युनिटमध्ये मजुरीवर फोडून घे, दोन-तीन टनच. गर स्वतः विक. विकला जातोय का, पैसे किती दिवसांनी येतात, हे तुला कळलं की अहवाल आपण दोघं बसून लिहू. वाडीत मात्र 'चाकरमानी इलो म्हणजे पैसो इलो' असं धरूनच चालतात, तेव्हा व्हीआरएसचा आकडा कोणाला सांगू नकोस. वहिनींना सांगितला असशीलच.

शेडची जागा घरापासून लांब बघ. टरफलाचं तेल हाताला लागलं तर कातडं जातं, आणि बॉयलरला टरफलं जाळलीस तर धूर आधी अण्णांच्या पडवीत येईल. थ्री फेज लाइन तुमच्या वाडीत आहे का, एवढं अण्णांना विचारून कळव.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून ये. तुझा सिबिल रिपोर्ट, सातबारा आणि अण्णांचं संमतीपत्र आण. बागायतदारांची बैठक मी शनिवारी ठेवतो, रविवारी कोणी येत नाही.

तुझा,
बाळा