‘आधी विझवणार कशी ते सांग’ : आगीच्या वेडापायी भेटलेल्या काकांना आभारपत्र

रामबाग, इंदूर

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आभाराचे पत्र खरे तर पाकिटात घालून घरी आणून द्यायचे असते, आणि आपले घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. म्हणून ते असे उघडपणे का लिहिते आहे, हे आधी सांगणे भाग आहे. आमच्या मुलाला आगीचे जे विलक्षण आकर्षण आहे तसे इतरही मुलांना असते, हे आपल्याकडे येऊ लागल्यावर आम्हाला समजले. पण त्यांचे आईवडील त्याविषयी कोणाजवळ चकार शब्द काढत नाहीत, कारण काढला की ‘मुलगा हाताबाहेर गेला’ हे ऐकून घ्यावे लागते. त्यांच्यापैकी कोणाच्या वाचनात हे पत्र यावे अशी इच्छा आहे. नाव छापायचे नाही या अटीवर आपण परवानगी दिलीत, म्हणून आपले नाव लिहीत नाही. मुलाचेही लिहीत नाही. हे पत्र त्याने वाचले, त्यातली दोन वाक्ये खोडली आणि मगच मला परत दिले.

त्याला चौदावे सरत असताना गच्चीवर जळक्या काड्या सापडू लागल्या. मग दिवाळीतल्या फटाक्यांची सोडवलेली दारू एका डबीत मिळाली, आणि थोड्याच दिवसांत शाळेतून बोलावणे आले. तेव्हा घरात सल्ल्यांची रीघ लागली. कोणी पत्रिका दाखवा म्हणाले, कोणी वसतिगृहात ठेवा म्हणाले. विस्तवाशी खेळले की रात्री अंथरूण ओले होते, या आमच्या लहानपणच्या धाकाचीही एका आत्याबाईंनी आठवण करून दिली. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला तो कसा घालायचा हे मात्र त्यांनी सांगितले नाही. आपण अग्निशमन दलातून निवृत्त झाला आहात हे ह्यांना ठाऊक होते, म्हणून ते आपल्याकडे आले. इंदुरात हे दल बरीच वर्षे पोलीस खात्याच्या अखत्यारीत होते, त्यामुळे आईवडील स्वतःला पोलिसांच्या हवाली करायला नेत आहेत, अशी मुलाची समजूत झाली होती. आपल्या ओसरीवर तो पहिल्या दिवशी जो खाली मान घालून बसला होता त्याचे कारण तेवढेच होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले.

त्या दिवशी आपण त्याला एका शब्दाने रागावला नाहीत. आम्हालाच प्रश्न विचारलेत. तो काडी पेटवतो ती एकटा असताना की मित्रांच्या देखत, घरात भांडण झाल्यावर की एरवीही, पेटवून पळून जातो की विझेपर्यंत बघत बसतो, कोणाची वस्तू मुद्दाम जाळली आहे का, आणि जवळ पाणी असते का. शेवटच्या प्रश्नावर हे म्हणाले, की हो, न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा मग गच्चीवर भरलेला सापडला होता. आमच्या लेखी तो मग म्हणजे आणखी एक हरवलेली आणि सापडलेली वस्तू होती. आपण मात्र तेवढे ऐकून सरळ बसलात आणि काड्या बघायला म्हणून आमच्या गच्चीवर आलात.

त्या काड्या कठड्याच्या आडोशाला तीन ओळींत मांडलेल्या होत्या. एका ओळीतल्या टोकाशीच काळ्या झाल्या होत्या, दुसरीतल्या अर्ध्यापर्यंत, आणि तिसरीतल्या जवळजवळ चिमटीपर्यंत जळाल्या होत्या. आपण उकिडवे बसून त्या निरखल्यात आणि मुलाला विचारलेत, ‘या उभ्या धरल्यास, या आडव्या, आणि या तोंड खाली करून?’ त्याने मान हलवली. काडी तोंड खाली करून धरली की ज्योत वर चढताना पुढचे लाकूड आधीच तापवून ठेवते आणि म्हणून ती भराभर जळते, हे त्याचे त्यानेच हेरलेले होते. ते बरोबर आहे असे सांगणारे त्याला पहिल्यांदा कोणी तरी भेटले. त्या ओळी आम्हीही पाहिल्या होत्या, शेजाऱ्यांनीही पाहिल्या होत्या. अपराधाचा पुरावा म्हणून मांडलेल्या वस्तूत मुलाचा प्रयोग दिसायला जी नजर लागते ती आपल्याजवळ होती, आणि पहिले आभार मी त्या नजरेचे मानते.

तरीही आपण त्याला लगेच हाताशी घेतले नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ‘आगीचं मी बघतो, पण मुलाचं आधी डॉक्टरांना बघू द्या,’ असे आपण स्पष्ट म्हणालात. मुले आग लावतात ती नेहमी कुतूहलानेच लावतात असे नाही. काही जण कोणाचा राग आला म्हणून, काही जण आपल्याकडे कोणी तरी पाहावे म्हणून लावतात, आणि त्यांना बादली-वाळू शिकवून भागत नाही, हे आपण नोकरीत पाहिलेले होते. बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्याशी एकट्याशी आणि आमच्याशी वेगळे बोलून जे सांगितले त्याने आमच्या मनावरचे ओझे बरेच उतरले. पायरोमेनिया हा शब्द लोक वाटेल त्याला चिकटवतात. प्रत्यक्षात तो विकार फार विरळा असतो. त्यात माणूस पुन्हा पुन्हा जाणूनबुजून आग लावतो, लावण्याआधी त्याच्या मनावर ताण येतो, लावल्यावर सुटल्यासारखे वाटते, आणि त्यामागे सूड, पैसा असा दुसरा हेतू नसतो. आमच्या मुलाचे तसे नव्हते. शाळा बदलल्यावर त्याला आलेल्या एकटेपणाचे जे काही बोलण्यातून निघाले ते घरातच राहू द्यावे, असे त्याचे म्हणणे आहे. खोडलेल्या दोन वाक्यांपैकी एक त्याविषयीचे होते.

त्यानंतर आपण नियम घालून दिलेत आणि ते आम्हालाही लागू केलेत. काडेपेटी, लायटर, थिनर, सॅनिटायझर आणि अंगावर फवारायचे सुगंधी डबे हे सारे औषधांच्या कपाटात, कुलपात राहील; ती शिक्षा नाही, घराची रीत आहे, असे त्याला सांगायचे. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जेमतेम दिसते आणि त्या डब्यांत दाबाखाली ज्वलनशील वायू असतो, हे आम्हा मोठ्यांनाही आपल्याकडूनच कळले. मुलाने घरी एकट्याने काहीही पेटवायचे नाही. पेटवायचे ते आपल्या अंगणात, सुती कपडे घालून, वाळूची बादली आणि ओले पोते शेजारी ठेवून. आणि दर वेळी पेटवण्याआधी आपला तो एकच सवाल : ‘आधी विझवणार कशी ते सांग.’ उत्तर पटले नाही तर काडी मिळत नसे. त्याने घातलेला वाद मी कुंपणापलीकडून ऐकला आहे. परीक्षेत तोंडी प्रश्नाला गप्प राहणारा हा मुलगा हवा तोडणे, उष्णता काढणे आणि जळण हलवणे यांतले काय कुठे लागू पडते, हे आपल्याशी तासभर भांडत असे.

आपल्या अंगणातला तांब्याचा बंब हा त्याचा खरा गुरुकुलवास. आता इंदुरात बंब असलेली घरे किती उरली असतील कोण जाणे. गीझर असतानाही काकूंना रविवारच्या न्हाण्याला बंबाचेच पाणी लागते, हे आमचे भाग्य. बंब पेटवण्याचे काम आपण त्याच्यावर सोपवलेत. आधी खालच्या जाळीतली राख झाडायची, मग नळीत कागदाचा बोळा, त्यावर बारीक ढलप्या, त्यावर गोवरीचे तुकडे, आणि पेट घेतल्यावरच कोळसा, रॉकेलला मनाई. पहिल्या दोन-तीन रविवारी नुसता धूर झाला आणि काकूंना उशीर झाला, पण आपण हात लावला नाहीत. राख साचली की खालून वारा मिळत नाही, ओल्या लाकडाची सारी ऊब आधी पाणी हाकलण्यात खर्च होते, पांढरा दाट धूर म्हणजे न जळलेले जळणच असते, हे तो त्या खोकल्यातून शिकला. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला काडी लावली की ज्योत त्या धुरावरून धावत जाऊन वात पुन्हा पेटवते, हे आपण त्याला दाखवलेत त्या संध्याकाळी तो जेवायला आला तो तेच बोलत. जळते ते मेण नव्हे तर मेणाची वाफ, हे त्याने वरणात चमचा बुडवून, बाहेर काढून, पुन्हा बुडवून आम्हाला समजावले. वरणाचा त्याच्याशी काय संबंध होता ते मला अजून कळलेले नाही.

बंब बंद न्हाणीघरात का ठेवायचा नाही, हेही त्याच ओघात आले. कोंडलेल्या जागेत अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि गॅसचे गीझर लावलेल्या बंद न्हाणीघरांत हिवाळ्यात माणसे त्यानेच दगावतात. हे ऐकून आल्यावर मुलाने आमचे घर तपासायला घेतले. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, अशा वेळी दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, हे त्याने आजीकडून पाठ करून घेतले. सिलिंडरच्या नारिंगी नळीवर छापलेले वर्ष वाचून ती पाच वर्षांनी बदलायची असते हे सांगितले आणि बदलून घेतली. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे, कारण तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात सुमारे सतराशे पट वाफ होते आणि ती जळते तेल चहूकडे उडवते, हे मला रोज सांगण्यात येते.

आपण त्याला एका सकाळी राजवाड्यावर नेलेत, त्याचे वर्णन त्याने वहीत लिहिले आहे. मल्हारराव होळकरांनी बांधलेली ही सात मजली वास्तू तीनदा आगीत सापडली : १८०१ साली शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा, मग १९०८ साली, आणि १९८४ च्या दंगलीत. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. आपण त्याला चौकात उभे करून, गच्चीवर तोंड खाली करून धरलेली ती काडी आठवायला सांगितलीत आणि मग जिन्याकडे बोट दाखवलेत. ज्योत जशी काडीवर चढते तशीच ती इमारतीत चढते, जिना धुराड्याचे काम करतो, म्हणून आगीत वरच्या मजल्याकडे पळायचे नाही, लिफ्टला हात लावायचा नाही, आणि धुरात उभे न राहता जमिनीलगत सरपटायचे, कारण ज्वाळेच्या आधी माणसाला धूर मारतो. मी या शहरात जन्मले, राजवाड्यासमोरून हजारदा गेले, पण त्या भिंतींकडे या नात्याने कधी पाहिले नव्हते.

फटाक्यांच्या बाबतीत मात्र आपण तसूभर सवलत दिली नाहीत. तो मिश्रणांचे रंग शिकला, स्ट्रॉन्शियमने लाल आणि बेरियमने हिरवा. पण फटाका उघडणे कायमचे बंद, कारण ती दारू नुसत्या घासण्यानेही पेट घेऊ शकते आणि गेलेली बोटे शिकवणीने परत येत नाहीत. इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचे हिंगोट युद्ध, म्हणजे दारू भरलेली हिंगोटाची फळे पेटवून एकमेकांवर सोडण्याचा खेळ, बघायचा त्याने धोशा लावला, तेव्हा तिथे आपण त्याला नेले नाहीत. हिंगोटाचे, म्हणजे आपल्या हिंगणबेटाचे, एक पोकळ, वाळके फळ मात्र कुठूनसे आणून दिलेत आणि त्यात दारू भरून बांबूची काडी बांधली की ते अग्निबाणासारखे का उडते आणि मध्येच का भरकटते, ते कागदावर काढून समजावलेत. तुर्रा आणि कलगी या दोन पक्षांची ती परंपरा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अजूनही चालते आणि तिथे दर वर्षी माणसे भाजतात. या नकारावर तो आपल्यावर रुसला होता, आणि मला वाटते अजूनही थोडा रुसलेला आहे. रुसू दे. नकार देणारे माणूस त्याने स्वतः निवडलेले आहे, हे मला पुरेसे आहे.

आगीचे वेड गेले का, असे नातेवाईक विचारतात. गेलेले नाही. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटामुळे, ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र ठेवलेल्या होत्या, आणि त्यात दलाचे ६६ जवान गेले, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. पूर्वी तो जहाज कसे उडाले एवढेच सांगत असे. आता त्या जवानांनी पाणी कुठून मारले असेल, याविषयी बोलतो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात आपण शिकलात हे कळल्यापासून त्याच्याही तोंडी नागपूर आहे. आम्ही हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. यंदा दहावी आहे, गणित कच्चे आहे, आणि अग्निशमन अभियांत्रिकीला गणित लागते हे आपणच त्याला परवा बजावलेत, त्याबद्दल वेगळे आभार.

ज्या पालकांना याविषयी आपल्याशी बोलायचे असेल त्यांनी आमच्याकडे निरोप ठेवावा, आम्ही तो आपल्याला पोचवू, असे आपल्या सांगण्यावरून इथे लिहिते. मात्र डॉक्टरांना आधी भेटून यावे, ही आपली अट त्यांनाही आहे.

सौ. काकूंना माझा सा. न. सांगावा, काळे झालेले सदरे त्यांनी न कुरकुरता भिजत घातले, हे मी पाहिले आहे. बंबाची जाळी झिजली आहे असे मुलगा म्हणतो. कसेऱ्याकडे टाकायला तो शनिवारी येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
त्याची आई