त्याच्या मनातलं प्रकरण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात सुट्टीत वाचायच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांची यादी आली होती. आठपैकी पाच मी वाचल्या आहेत. त्या पाचांतल्या तिघींमध्ये नायक नायिकेला धाक दाखवतो, आणि दोघींमध्ये तिच्यावर पूर्वी झालेल्या अत्याचाराचं सविस्तर वर्णन आहे. यादीत मात्र प्रत्येकीपुढे ‘हळवी’, ‘खिळवून ठेवणारी’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून हे पत्र.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २६ वर्षं देवघेव सांभाळते आहे. परत आलेलं पुस्तक मांडणीवर लावण्याआधी मी पानं चाळते. कुठे फाटलंय का, भिजलंय का, एवढंच बघायचं असतं. वर्षभरापूर्वी अशाच एका कादंबरीत पेन्सिलीच्या खुणा सापडल्या. नायक नायिकेचा फोन हातातून काढून घेतो, तिच्या वर्गमित्राचा नंबर पुसून टाकतो आणि म्हणतो की तू दुसऱ्या कुणाशी बोललीस की मला सहन होत नाही. या परिच्छेदाशेजारी समासात एक छोटा बदाम काढलेला होता, आणि खाली बारीक अक्षरात, ‘असाच हवा’. दोन पानांपुढे तो तिच्या कानाशेजारच्या भिंतीवर मूठ आपटतो. त्या वाक्याखाली रेघ नव्हती. रेघ होती त्याच्या पुढच्या वाक्याखाली, जिथे त्याचे डोळे भरून येतात. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे खुणा पुसायच्या असतात. खोडरबर हातात घेऊन मी बसले, पण तो बदाम काही माझ्याच्याने खोडवेना.

कारण बावीस वर्षांची असताना मीही तो काढला असता. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो रोज संध्याकाळी मी कामावरून सुटायच्या वेळी फाटकाशी उभा असायचा. काळजी किती करतो, असं मैत्रिणी म्हणायच्या, आणि मलाही तसंच वाटायचं. मग मैत्रिणी येईनाशा झाल्या. एकदा त्याने माझं मनगट असं धरलं की चार बोटांचे वळ आठवडाभर गेले नाहीत. मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फिरले. लहानपणी त्याला वडिलांनी फार मारलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याने हात उगारला की मला तो मार खाणारा लहान मुलगा दिसायचा आणि मी माझं मनगट विसरायचे. त्याच्या मनात काय चाललंय याची एक आख्खी गोष्ट मीच रचून ठेवली होती. त्यात तो आतून खचलेला होता, पश्चात्तापाने जळत होता, फक्त त्याला बोलता येत नव्हतं. यातलं एकही वाक्य त्याने मला कधी सांगितलेलं नव्हतं.

या कादंबऱ्या नेमकी तीच गोष्ट छापून हातात देतात. नायक-नायिका अठरा ते पंचविशीतले असलेल्या या प्रकाराला ‘न्यू अडल्ट’ म्हणतात. २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने त्या वयाच्या वाचकांसाठी हस्तलिखितं मागवताना हा शब्द वापरला आणि पुढे तो रुळला. यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत एक प्रकरण तिच्या तोंडून आणि पुढचं त्याच्या तोंडून असतं. त्याने दार आपटलं की पान उलटून आपण त्याच्या मनात शिरतो आणि कळतं की दार आपटून तो जिन्यात बसून रडला. मग आपला राग विरघळतो. प्रत्यक्षात दाराच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलीला त्या जिन्यातलं काही दिसत नाही. तिच्यापुढे असतं ते बंद दार, आणि तो परत आल्यावर काय करेल ही धास्ती.

लिनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मार खाल्लेल्या बायकांशी बोलून १९७९ मध्ये हिंसेचं एक चक्र मांडलं. आधी ताण साचत जातो, मग स्फोट होतो, आणि मग येतो माफीचा, भेटवस्तूंचा, ‘पुन्हा असं होणार नाही’चा काळ. प्रत्येक नात्यात हे चक्र जसंच्या तसं दिसत नाही, हे खरं. पण कादंबऱ्यांत मला ते अगदी स्वच्छ दिसतं. त्यातल्या कित्येक आधी वॉटपॅडसारख्या, कुणालाही आपली गोष्ट टाकता येते अशा संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून येतात. वाचक पुढच्या प्रकरणाला परत यायला हवा, म्हणून भांडण, दुरावा, दिलजमाई, पुन्हा भांडण. वॉकरबाईंनी जो काळ बाईला अडकवून ठेवतो म्हणून सांगितला, तोच इथे सगळ्यात गोड प्रसंग होऊन येतो.

आणि नायिकेचे घाव? तिच्यावर लहानपणी काहीतरी भयंकर झालेलं असतं, ती स्पर्शालाही दचकते, आणि शंभरेक पानांत त्याच्या मिठीत ती बरी होते. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात अशा आघातातून सावरण्याचे टप्पे सांगितले आहेत. पहिला टप्पा सुरक्षिततेचा. मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. पायाखालची जमीन आधी स्थिर लागते. ज्याच्या पावलांच्या आवाजावरून आज त्याचा मूड कसा आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, त्याच्या सोबतीने हा पहिला टप्पाच गाठता येत नाही. मी त्या माणसापासून वेगळी झाल्यावर दोन वर्षं मला जिन्यात पावलं वाजली की घाम फुटायचा. प्रेमाने ते गेलं नाही. दाराची कडी आतून माझ्या हाताने लावायला मिळाली, आणि आठवड्यातून एकदा एका समुपदेशक बाईंसमोर बसता आलं, त्याने ते हळूहळू गेलं.

यावर ‘मग बंद करा अशी पुस्तकं’ असं कुणी म्हणू नये. मी तसं म्हणत नाही. हिंसेबद्दल लिहायलाच हवं, आणि चांगलं लिहिलंही जातं. कॉलीन हूवर या अमेरिकी लेखिकेच्या ‘इट एंड्स विथ अस’ या २०१६ च्या बहुचर्चित कादंबरीमागे त्यांच्या आईचा अनुभव आहे, आणि तिची नायिका शेवटी मारणाऱ्या नवऱ्यापासून वेगळी होते. एवढं धाडस केलेल्या पुस्तकावर २०२३ च्या जानेवारीत चक्क रंग भरायची वही जाहीर झाली. वाचकांनी हरकत घेतली, ती वही मागे घेतली गेली आणि लेखिकेने माफी मागितली. आत मार खाणारी बाई आणि बाहेर फुलापानांची सजावट, हा मेळ वही काढणाऱ्यांपैकी कुणालाच कसा खटकला नव्हता, याचं मला अजून नवल वाटतं.

मुली मूर्ख आहेत असंही मला म्हणायचं नाही. उलट, ज्यांच्याशी काहीतरी घडलेलं आहे अशा मुली या पुस्तकांकडे ओढल्या जातात, कारण त्याबद्दल त्यांच्याशी दुसरं कुणी बोलतच नाही. एक मुलगी खिडकीशी पुस्तक घेऊन आली, ते उघडलं नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, यात तसं काही आहे का? असेल तर मला नको.” मुखपृष्ठावर गुलाबी फुलं होती. मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी ही पुस्तकं स्वतः वाचते आणि एका वहीत नोंद ठेवते: कशात काय आहे, कितव्या पानापासून आहे. आता त्या विचारतात तेव्हा मला सांगता येतं.

दुसरी एक मुलगी अशा नायकाबद्दल फार भरभरून बोलायची. तिला मी वाद न घालता एवढंच सुचवलं, की याच पुस्तकातली त्याची प्रकरणं सोडून फक्त तिची वाचून बघ. आठ दिवसांनी ती आली, पुस्तक खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, असं वाचलं तर भीती वाटते हो.” मग आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक पुस्तकापुढे एक ओळ वाढवा: यात मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहे, पाठलाग आहे, आत्महत्येचा उल्लेख आहे. पुष्कळ लेखिका स्वतःच पुस्तकाच्या सुरुवातीला अशी सूचना छापतात, ती फक्त उतरवून घ्यायची आहे. आणि ‘मुलींची पुस्तकं’ म्हणून ही परीक्षणाच्या पानाबाहेर ठेवू नका. इतर कादंबऱ्यांना लावता तीच कसोटी लावून त्यांच्यावर नीट लिहून घ्या. माझ्या वहीत आतापर्यंत ४१ पुस्तकांच्या नोंदी झाल्या आहेत. पुरवणीच्या संपादकांना उपयोग होणार असेल तर ती मी आनंदाने उतरवून पाठवीन.

आपली विश्वासू,
एक ग्रंथालय कर्मचारी
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)