'बिगारी' आणि 'वेठबिगार' यांत गल्लत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मजुरांच्या सुटकेच्या बातम्यांत 'बिगारी' आणि 'वेठबिगार' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. ही चूक साधी नाही.

मुळात दोन्हींचा अर्थ जवळचा होता, हे खरे. 'वेठ' आली संस्कृत 'विष्टि'पासून. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला विष्टीची माफी दिलेली दिसते. 'बेगार' फारसी. दोन्ही म्हणजे सक्तीचे, बिनमजुरीचे काम. तसले काम कोण जीव ओतून करणार? म्हणून काम कसेबसे उरकण्याला आपण 'वेठ वारणे' म्हणतो.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आजचा बिगारी गवंड्याच्या हाताखालचा रोजंदार आहे. रेती चाळायची, विटा भिजवायच्या, एकास सहाचा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) आधी कोरडाच एकरंगी होईपर्यंत कालवून मग पाणी घालायचे, घमेली परांचीवर पोचवायची. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात लागला पाहिजे, नाहीतर तो धरू (घट्ट होऊ) लागतो. गवंड्याचा हात बघून एका वेळी किती कालवायचे, हा अंदाज बिगाऱ्याचाच. हे कसब आहे. आणि संध्याकाळी हजेरीचे पैसे घेऊन तो उद्या दुसऱ्या नाक्यावर उभा राहू शकतो.

वेठबिगाराला नेमके तेच करता येत नाही. त्याला उचलीने, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाने, बांधलेले असते आणि हिशेबाची वही मालकाकडे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले; ते वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर टाकली. मात्र उचल घेतलेला प्रत्येक सालगडी (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर) वेठबिगार नसतो. पाडव्याला साल संपल्यावर तो दुसरा मालक धरू शकतो का, हे विचारावे.

बातमीदारांनी एवढे जरूर विचारावे: उचल होती का, काम सोडून जाण्याची मोकळीक होती का, मजुरी किमान वेतनाइतकी होती का. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणे हेही घटनेच्या कलम 23 खालचे सक्तीचे श्रम मानले आहे. 'बिगाऱ्यांची सुटका' असे छापले की वाचकाला तो मजुरीचा साधा तंटा वाटतो आणि मुक्तता प्रमाणपत्राचा (वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्याचा) प्रश्न प्रशासनाला कुणी विचारतच नाही.

— एक वाचक